रोन नदीच्या काठाने कामार्गपर्यंत सायकलवर : बिनगाड्यांचा रस्ता (आणि आपली खाडी)

घोडबंदरी (ठाणे)

व्हॉट्सॅप ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतायत आणि तिथे लिहिलेलं दोन दिवसात गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातं, म्हणून इथे धागाच काढतो. मागच्या सप्टेंबरात मी आणि बायको फ्रान्समध्ये रोन नदीच्या काठाने सायकलवर समुद्रापर्यंत गेलो. रूटचं नाव व्हियारोना. पूर्ण रूट जिनिव्हाच्या तळ्यापासून भूमध्य समुद्रापर्यंत साधारण ८१५ किमी आहे, आम्ही वरचा डोंगराकडचा भाग सोडून दिला आणि लिऑनच्या खालून सुरुवात केली. वय, गुडघे आणि रजा तिन्ही बघता तेच बरं होतं.

आम्ही काही पट्टीचे सायकलवाले नाही. बीआरएम (वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) वगैरे आपल्या वाट्याला जात नाही, बायको तर उपवनहून येऊरच्या गेटपर्यंतच्या चढालाही नावं ठेवते. तरी ती अख्खा रूट मजेत आली, कारण एकच, रस्त्यावर गाडी नाही. आता हे "गाडी नाही" प्रकरण घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला समजावणं अवघड आहे. इथे सायकल चालवताना निम्मं डोकं मागे असतं, डंपर आहे का बस आहे, डावीकडून रिक्षा घुसेल का, खड्डा चुकवला तर मागचा आवरेल का. तिथे सुरुवातीला मी सवयीने सारखा मागे वळून बघत होतो तर मागे एक आजोबा आणि त्यांचं कुत्रं. मग हळूहळू आम्ही दोघं शेजारी शेजारी चालवायला लागलो आणि गप्पा सुरू झाल्या त्या थांबेनातच. लग्नानंतर एवढं सलग बोलणं कधी झालं होतं आठवत नाही (ती हा धागा वाचणार आहे, त्यामुळे इथेच थांबतो).

रस्ता रिकामा का आहे याचं कारण मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटलं. १९३३ मध्ये रोन नदीसाठी एक कंपनीच काढली त्यांनी, काम तीन, वीज, जलवाहतूक आणि शेतीला पाणी. त्यांनी नदीवर एकामागून एक बंधारे घातले, कित्येक ठिकाणी नदीला समांतर मोठे कालवे काढून बोटी आणि टर्बाइनचं पाणी तिकडे वळवलं, आणि दोन्ही काठांना उंच बांध घातले. बांध म्हटला की त्यावर देखभालीचा रस्ता आलाच. पुढे सायकलचा रूट आखताना बऱ्याच लांबीत हाच बांधावरचा रस्ता वापरला, डांबर टाकलं, पाट्या लावल्या. म्हणजे तेवढ्या लांबीत सायकलसाठी असं खास काही बांधलेलं नाही, पाण्याच्या कामाची जी जागा आधीच होती ती लोकांना खुली केली. तुम्ही बांधावर चालवत असता, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली फळबागा आणि गावं. नदीच्या काठाला किलोमीटरचे फलक असतात, बोटवाल्यांसाठी, ते बघत बघत आपला हिशोब ठेवता येतो. बोलेनला बोटींसाठी जे लॉक आहे (दारं लावून पाणी कमी-जास्त करून बोट उतरवायची-चढवायची टाकी) ते जवळजवळ २३ मीटर खोल, म्हणजे बोट सात मजल्यांएवढी खाली जाते. आम्ही रेलिंगला टेकून अख्खी बोट खाली जाईपर्यंत थांबलो, वर चहा नव्हता एवढीच कमी.

सगळं पोस्टकार्डासारखं आहे असं मात्र समजू नका. लिऑनच्या लगेच खाली केमिकल कारखाने आणि रिफायनरीचा पट्टा आहे, अगदी आपल्या महापे-तुर्भेची आठवण येईल असा, तेवढा बरेच लोक लोकल टाइप ट्रेनने उडी मारून व्हिएनपासून सुरू करतात (हे फ्रान्समधलं व्हिएन, ऑस्ट्रियाची राजधानी नव्हे). पुढे अणुवीज केंद्रं पण लागतात. क्रुआसला तर कूलिंग टॉवरवर एका लहान मुलाचं भलंमोठं चित्र रंगवलंय, तुम्ही जर्दाळूच्या बागेतून जाताय आणि समोर ते. काही तुकडे अजून साध्या रस्त्यावरूनच जातात, खास करून आव्हिन्यों ते आर्लच्या मधे. पण तिथला ड्रायव्हर ओव्हरटेक करताना गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडतो, तसा कायदाच आहे, आणि बहुतेक जण पाळताना दिसले.

कामार्गबद्दल, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथल्या दलदलीच्या भागाबद्दल, पुढच्या प्रतिसादात लिहितो, टाइप करून बोटं दुखली.

---

पायडलपुराण (डोंबिवली)

रुमाल टाकून ठेवतो. सायकल इथून नेली का तिकडे भाड्याने? आणि फोटो कुठायत मालक??

---

सीवूड्सची_माऊ

मस्त सुरुवात! माझा प्रश्न नेहमीचाच, व्हेज लोकांचं काय? आम्ही अंडंसुद्धा खात नाही. फ्रान्समध्ये ब्रेड आणि हवा एवढ्यावर राहायचं का?

---

घोडबंदरी

@पायडलपुराण, भाड्याने. लिऑनमध्ये पॅनियरसकट (चाकाच्या बाजूंना लावायच्या बॅगा) टुरिंग सायकल मिळते, काही दुकानवाले खाली दुसऱ्या गावात परत घेतात, आधी मेल टाकून विचारायचं. इथून न्यायची तर खोका, पेडल काढा, हँडल वळवा, विमानवाल्यांचं वजनाचं झंझट, आणि परतताना तो खोका आणायचा कुठून? ज्याची स्वतःची चांगली सायकल आहे आणि जो महिनाभर जाणार आहे त्याला परवडेल. ट्रेनचं म्हणाल तर तिथल्या प्रादेशिक गाड्यांत सायकल सरळ ढकलत न्यायची, हूक असतात, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे नाहीत. हाय-स्पीड गाडीत मात्र सुटी करून बॅगेत भरावी लागते नाहीतर आधी जागा बुक करावी लागते, गाडीप्रमाणे नियम बदलतो. फोटो बायकोच्या फोनमध्ये आहेत, अर्ज केला आहे.

@माऊताई, अंडं नाही म्हणजे जरा कठीण आहे पण उपाशी नाही राहणार. रोज सकाळी बुलांजरीतून, म्हणजे बेकरीतून, बागेत नावाचा लांब पाव, सुपरमार्केटमधून टोमॅटो, काकडी, उकडलेले छोले डबाबंद मिळतात, फळं तर त्या खोऱ्यात स्वस्त आणि इतकी गोड. केक-पेस्ट्रीत अंडं धरूनच चाला. आणखी एक, तिथल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, कडक पाळणाऱ्यांनी लेबल बघा. आम्ही छोटा गॅस स्टोव्ह ठेवला होता, कँपिंगच्या जागी रात्री मुगाची खिचडी. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिकडेच घ्या. इथून मेतकूट, भडंग, कोरडी चटणी, थेपले न्या. पण तूप, पेढे, पनीर नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाल्याने बघितलं तर कचऱ्यात. रविवारी दुपारनंतर छोट्या गावात सगळं कडेकोट बंद असतं, शनिवारीच भरून ठेवा.

---

उल्हासकाठ (बदलापूर)

माफ करा पण थोडं उलटं बोलतो. शेकडो किलोमीटर सपाट म्हणजे कंटाळा नाही का? चढ नाही, उतार नाही, एकाच गिअरवर पाय फिरवत बसायचं. मी एकदा डॅन्यूबचा पासाऊ ते व्हिएन्ना रूट केलाय, तो पण सपाट, सव्वातीनशे किमीच्या आसपास, आणि खरं सांगू का, निम्म्यानंतर मला कधी एकदा घाट लागतो असं झालं होतं. शिवाय तिथे एवढी गर्दी की सायकलींचाच ट्रॅफिक जाम. बायकापोरं घेऊन जायला छान आहे, नाही म्हणत नाही.

---

घोडबंदरी

@उल्हासकाठ, डॅन्यूब युरोपातला सगळ्यात गाजलेला रूट आहे म्हणून गर्दी. रोनवर सप्टेंबरात एवढी नव्हती. आणि सपाट म्हणजे सोपं हा गैरसमज तिथला वारा काढून टाकतो.

एका बाजूला आल्प्स, दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा मधला डोंगराळ पठाराचा भाग, आणि मधल्या बोळातून उत्तरेकडून समुद्राकडे वारा सुटतो, त्याला मिस्त्राल म्हणतात. जोरात असला की ताशी १०० किमीच्या वर जातो. एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर. म्हणूनच उत्तरेकडून दक्षिणेकडे जा असं सगळे सांगतात. आमच्या पाठीला वारा होता तेव्हा पाय न मारता सायकल पळत होती, हसूच येत होतं, आणि समोरून वर जाणारी एक जर्मन जोडी दिसली, ती सपाट डांबरावर सगळ्यात हलका गिअर टाकून मान खाली घालून चालली होती, आम्हाला हात करायचंही त्राण नाही. आडवा आला तर अजून वाईट, पॅनियर शिडासारखं काम करतं आणि बांधावर आडोसा काही नाही. तिथले शेतकरी उत्तरेला सुरूसारखी उंच सायप्रसची झाडं दाट ओळीत लावतात, जुन्या घरांना उत्तरेला खिडक्या नाहीत. कामार्गमधल्या गुराख्यांच्या झोपड्या तर वाऱ्याच्या बाजूला गोल बांधतात, म्हणजे वारा सरकून जावा. घाटात निदान माहिती असतं की माथा कुठे आहे, वाऱ्याला माथा नसतो. त्यामुळे गिअर भरपूर लागतात बरं का, सपाट आहे म्हणून सिंगल स्पीड घेऊन कोणी जाऊ नका.

आता कामार्ग. आर्लपाशी नदी दोन फाट्यांत फुटते, मोठी रोन आणि छोटी रोन, त्यातलं बहुतेक पाणी मोठीत जातं. दोघींच्या मधला जो त्रिकोण तो कामार्ग. दलदल, खाऱ्या पाण्याची तळी, भातशेती, मिठागरं, पांढरे घोडे, काळे बैल, आणि फ्लेमिंगो. आर्ल ते सँत-मारी हे समुद्रावरचं गाव जेमतेम ४० किमी. गावाच्या जरा अलीकडे पों द गो नावाचं पक्षी उद्यान आहे, तिकीट आहे पण पायवाटेवरून फ्लेमिंगो इतके जवळ दिसतात की त्यांच्या पायाच्या गाठी मोजाव्यात.

खरी मजा त्यापुढे. सँत-मारीपासून पूर्वेला समुद्राचा बांध सुरू होतो, एकोणिसाव्या शतकात समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला. यावर गाड्यांना बंदी, फक्त पायी आणि सायकल. उजवीकडे समुद्र, डावीकडे वाकारेसचं अफाट तळं आणि त्याची पिल्लावळ, मधे तुम्ही. सावली शून्य, पाणी शून्य, दुकान शून्य. मधे गाशोलचं दीपगृह आहे तेवढीच उभी वस्तू. काही ठिकाणी वाळू इतकी की उतरून ढकलावंच लागतं, बारीक टायर असेल तर रडाल. आणि तिथे बांधाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी ठिपके. बायको म्हणाली, एवढे हजारो मैल आलो आणि बघतोय काय तर ऐरोली. मी म्हटलं थांब, हे वेगळे आहेत.

वेगळे म्हणजे तिथले मोठे फ्लेमिंगो, आपल्या ठाणे खाडीत बहुसंख्य छोटे. आपल्याकडचे पाहुणे, पावसाळ्यानंतर येतात, मे-जूनपर्यंत असतात, अंडी घालायला कच्छच्या रणाकडे. तिथले बारा महिने दिसतात आणि पिल्लंही तिथेच काढतात.

---

बेलापूरचा_बंड्या

वाचून जीव जळाला राव. आपल्याकडे काय कमी आहे सांगा? नदी आहे, खाडी आहे, फ्लेमिंगो तर दारात. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. आणि आम्ही सायकल कुठे चालवतो तर पाम बीच रोडवर, पहाटे साडेपाचला, आणि तिथे कोणीतरी बापाची गाडी १२० ने पळवून बघत असतो. नेरूळ-सीवूड्सच्या मागे होल्डिंग पाँडचे (पावसाचं पाणी साठवायच्या तलावांचे) बांध आहेत ना, तेच घ्या, करा सायकल ट्रॅक, वाशी ते बेलापूर गाडी न बघता जाता येईल. इच्छाशक्ती नाही दुसरं काय!

---

तिवर_तिवर (ऐरोली)

बंड्याभाऊ, जरा दमाने. "करा ट्रॅक" म्हणणं सोपं आहे. मुंबई हायकोर्टाचा २००५ चा आदेश आणि मग २०१८ चा निकाल वाचा, खारफुटी तोडायला बंदी, भोवती ५० मीटरचा बफर, सार्वजनिक कामासाठी सुद्धा कोर्टाची परवानगी लागते. आणि ते बरोबरच आहे. इथे सायकल ट्रॅक, नेचर ट्रेल, वॉक-वे, प्रोमेनाड असलं गोड नाव लावून आधी भराव येतो, मग दिवे येतात, मग सेल्फी पॉइंट, मग खाऊगल्ली. दिव्यांचा आणि गोंगाटाचा पक्ष्यांना त्रास होतो तो वेगळाच. सीवूड्सच्या डीपीएस तलावाचं काय झालं आठवतंय ना, भरतीचं पाणी आत यायची वाटच बुजली, तलाव कोरडा पडत गेला, फ्लेमिंगो गायब. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून ३९ फ्लेमिंगो मेले, तेव्हा सगळ्यांना एकदम पुळका आला होता.

घोडबंदरींचं एक वाक्य मात्र मला पटलं, तिथे नवीन काही बांधलं नाही, होता तो बांध खुला केला. वाद त्यावर घालू.

---

दिवाळेगाव

मी खाडीकाठचीच, माहेर उरणकडचं. हे सगळं वाचताना गंमत वाटली कारण आमच्या घरी बांध म्हणजे काही पिकनिकची जागा नव्हती. खारबंदिस्ती माहिती आहे का कोणाला? भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून माती आणि दगडाचा बांध, त्यात ठरावीक ठिकाणी उघाडी. भरती आली की पाण्याच्या दाबानेच उघाडीचं दार लागतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं. नवी मुंबईच्या होल्डिंग पाँडबद्दल लोक कौतुकाने सांगतात की डच पद्धत आहे, असेल बाई, पण दार तेच. आमचे आजोबा रात्री कंदील घेऊन उघाडी बघायला जायचे, लाकूड अडकलं दारात तर एका भरतीत सगळं पीक खारट. बांधाला खेकड्याने भोक पाडलं तरी गावकी गोळा व्हायची चिखल भरायला. त्या बांधावरूनच आम्ही शाळेत जायचो, एका बाजूला राता भाताचं शेत, एका बाजूला चिखल आणि त्यात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतायत.

आता ते बांध फुटलेत, बरीच जमीन गेली, काही ठिकाणी खारफुटीच आली शेतात. दादा, तुम्ही कामार्गमध्ये भातशेती म्हणालात. खाऱ्या जमिनीत भात कसा घेतात तिकडे? आमच्याकडे पाऊस मीठ धुतो. तिथे उन्हाळ्यात पाऊस असतो का?

---

घोडबंदरी

ताई, काय प्रतिसाद दिलात! उघाडीचं हे मला माहीतच नव्हतं आणि मी जन्मापासून ठाण्यात.

तिकडे उन्हाळा कोरडा. भातासाठी रोनचं गोडं पाणी पंपाने आणि कालव्याने शेतात सोडतात आणि तुंबवून ठेवतात, त्या पाण्याच्या दाबाने मीठ खाली राहतं. भात पिकवायचा हेतूच निम्मा तोच, की जमीन गोडी व्हावी म्हणजे पुढे गहू वगैरे घेता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे भात खूप वाढला. पाणी सोडायचं थांबवलं की मीठ पुन्हा वर येतं. आम्ही गेलो तेव्हा कापणी चालू होती, मोठमोठी यंत्रं शेतात आणि मागे बगळ्यांची रांग, यंत्राने उठवलेले किडे-बेडूक खायला. अगदी आपल्याकडे नांगरामागे असतात तसे. वासही तोच हो, कापलेल्या भाताचा, मी सायकल लावून उगाच दहा मिनिटं उभा राहिलो.

आणि बांधाचं म्हणाल तर तिथेही सगळं आलबेल नाही. समुद्र पुढे सरकतोय, काही ठिकाणी पुढचे जुने बांध आता दुरुस्तच करत नाहीत. मिठागरांची पुष्कळ जमीन किनारे राखणाऱ्या सरकारी संस्थेने विकत घेतली आणि समुद्राला थोडं आत येऊ दिलंय. स्थानिक लोकांमध्ये त्यावरून वाद आहेत, सँत-मारीत कॅफेवाला चांगला अर्धा तास तावातावाने बोलत होता, माझं फ्रेंच बेताचं पण राग कळला. आपल्याकडे मिठागरं मोकळी झाली की चर्चा कसली असते ते भांडुप-मुलुंडवाल्यांना विचारा.

---

दोन_चाकं_फुल_टाइट (कळवा)

बंड्या, ट्रॅक झाला समज. दुसऱ्या दिवशी त्यावर डिलिव्हरीवाले, तिसऱ्या दिवशी पार्किंग, चौथ्या दिवशी वडापाव. मला फक्त एवढं सांगा, तिकडे बांधावर मोटरसायकली येत नाहीत का? का सगळे साधुसंत आहेत?

---

येऊर_नकोच

मी घोडबंदरींची बायको. फोटोंचा अर्ज विचाराधीन आहे.

@दोन_चाकं, साधुसंत अजिबात नाहीत. बांधावर चढायच्या प्रत्येक जागी लोखंडी अडसर असतो, दोन आडवे बार एकाआड एक, सायकल नागमोडी वळवून काढावी लागते, मोटरसायकल येत नाही. आमच्याही पॅनियर त्यात अडकायच्या, दरवेळी मागची बॅग उचलून तिरकी धरायची, हँडल आत वळवायचं, मग मागचं चाक उचलायचं. मी तर शेवटी एक बॅग काढूनच न्यायला लागले. ट्रेलरला मूल बसवून आलेली एक आई त्या अडसरापाशी पंधरा मिनिटं अडकली होती, आम्ही तिघांनी मिळून काढलं. व्हीलचेअरवाल्याने काय करायचं देव जाणे. म्हणजे उपाय आहे पण त्याचा त्रास ज्यांच्यासाठी रस्ता आहे त्यांनाच.

आता बायकांसाठी दोन गोष्टी, ज्या हे लिहिणार नाहीत. बांधावर शौचालय नाही, आडोसाही नाही, आणि गावं बांधापासून आत असतात. गाव दिसलं की गरज असो नसो जाऊन यायचं. पाण्यासाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे गावचं कब्रस्तान, तिथे फुलांना घालायला नळ असतो. वर "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी नाही ना तेवढं बघायचं. सुरुवातीला कसंतरी वाटलं, नंतर काही नाही. सुरक्षिततेचं म्हणाल तर एकट्या फिरणाऱ्या बायका भरपूर दिसल्या, साठी ओलांडलेल्यासुद्धा, तंबू बांधून.

आणि डास!! कामार्गच्या डासांबद्दल एक शब्द लिहिला नाहीये यांनी. कपड्यातून चावतात. संध्याकाळी तंबूची चेन एक सेकंद उघडी राहिली की संपलं. ठाण्याचे डास त्यांच्यापुढे बालवाडीत.

---

बेलापूरचा_बंड्या

@तिवर_तिवर, मान्य, भराव नकोच. पण बांध आहेतच की आधीचे! होल्डिंग पाँडचा बांध, त्यावरून माणसं रोज चालतात, नेरूळला एका पाँडभोवती तर मस्त वॉकिंग ट्रॅक आहेच आणि त्याने पक्षी काही पळाले नाहीत. तसे बांध नुसते सलग जोडा, माती राहू द्या, दिवे नको, रात्री बंद. एवढं तरी?

---

तिवर_तिवर

एवढं असेल तर मी सही करायला पहिला. पण सलग जोडा म्हणजे मधे खाडीच्या तोंडावर पूल, तिथे खारफुटी, पुन्हा कोर्ट. शिवाय होल्डिंग पाँडमध्येच आता खारफुटी वाढलीय, त्यामुळे गाळ काढायचाही गुंता झालाय. पावसाचं पाणी साठवायची जागा गाळाने भरली तर पाणी बेलापूरच्या तळमजल्यात, तेव्हा आधी तो प्रश्न. आणि जोडलेलाच हवा हा हट्ट का? फ्रान्सवाले पण मधे मधे रस्त्यावर उतरतात असं वर लिहिलंय. मला विचाराल तर तुकडे असू देत, फक्त मधल्या रस्त्यावर गाड्या हळू करा. वन विभागाचं ऐरोलीचं केंद्र आहे तसं, एका जागी माणसं, बाकी खाडी पक्ष्यांना.

---

उल्हासकाठ

वाऱ्याचं वाचून माझा मुद्दा मागे घेतो, निम्मा. सरावाचं सांगा, इथे असा वारा कुठे मिळेल? येऊर, माळशेजचा सराव तिथे उपयोगाचा नाही असं दिसतंय.

---

घोडबंदरी

बरोबर. चढाचा सराव उपयोगी नाही असं नाही, पण वेगळा. वाऱ्यासाठी आम्ही जून-जुलैत पाम बीचवर जायचो, पावसाळी नैर्ऋत्य वारा बेलापूरकडे जाताना बऱ्याचदा तोंडावर असतो. पहाटे जा, भरलेल्या बॅगा लावून जा. रिकाम्या सायकलवर वारा कळत नाही. एरवी दुपारी खाडीवरून येणारा वारा पण पुरतो, ऊन सोसत असेल तर. उरणकडे जाऊ नका, वारा छान आहे पण जेएनपीटीचे कंटेनर आहेत, जीव स्वस्त नाही.

लांब बसायची सवय महत्त्वाची. सपाटावर माणूस सीटवरून उठतच नाही, घाटात उभं राहून मारतो तसं नाही, त्यामुळे बूड आणि मनगटं दोन्ही बोलायला लागतात. ठाणे-वज्रेश्वरी जाऊन या सकाळच्या आत, भिवंडीचा भाग उजाडायच्या आधी काढा. गणेशपुरीला गरम कुंडात पाय सोडून परत. तानसेकाठचा तो पट्टा अजून बरा आहे.

---

पायडलपुराण

व्हिसा? आणि टायर-ट्यूबचं काय नेलं? भाड्याची सायकल असली तरी पंक्चर स्वतःच काढायचं ना.

---

घोडबंदरी

व्हिसा शेंगेन. राहण्याची बुकिंग मागतात आणि सायकल टूरमध्ये रोजचा मुक्काम आधी कसा सांगणार, तर आम्ही मोठ्या गावांत रद्द करता येणारी बुकिंग केली आणि रोजच्या अंतराचा तक्ता जोडला. कव्हर लेटरमध्ये रूटचं नाव आणि सायकल भाड्याची पावती. विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, त्यात सायकलिंग धरलंय का ते नीट वाचा, काही पॉलिसीत साहसी खेळ म्हणून वगळतात. रूट चुकायची भीती नको, हिरव्या-पांढऱ्या पाट्या आहेत, फक्त गावात वळताना सुटतात. हेल्मेटची सक्ती तिथे फक्त १२ वर्षांखालच्या मुलांना, आम्ही घातलंच. अंधारात गावाबाहेर चमकणारं जाकीट मात्र सक्तीचं.

टायर ३५ मिमीच्या खाली नको, ४० असेल तर समुद्राच्या बांधावर दुवा द्याल. पंक्चर दुकानाकडेच शिकून घ्या, सायकल ताब्यात घेताना त्याच्यासमोर एकदा मागचं चाक काढून लावा, कारण तिथे प्रत्येक कोपऱ्यावर आपला पंक्चरवाला अण्णा बसलेला नाही. दोन ट्यूब, लिव्हर, पॅच, छोटा पंप. ट्यूबचा व्हॉल्व्ह बघून घ्या, बारीक का जाड, पंप तोच चालणारा हवा. कामार्गला काटेरी झुडपं आहेत, वाळूत ढकलताना कडेने जाऊ नका, मधूनच ढकला.

---

येऊर_नकोच

आणि डासांचं मलम पंपाच्या आधी भरा. फोटो टाकलेत, ज्यात मी सायकल ढकलतेय ते सगळे यांनी काढलेले आहेत, मदत न करता.